दोन बोटांची फट

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, जागा धरायला लोक टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जातात. भाटकर काका जागा धरून झाली की तेच पाकीट दुमडून टेबलाच्या पायाखाली सारायचे. त्याआधी पिशवीतून पाणसळ निघायची. वीतभर लांब, टोकांना पितळ, मधल्या काचेत हिरवट पाणी आणि त्यात एक बुडबुडा. ती टेबलावर ठेवून ते एक डोळा बारीक करत आणि निकाल देत, "अर्धा बुडबुडा." म्हणजे टेबल तेवढं कललेलं आहे. मग पाकीट सारायचं, पुन्हा बघायचं, आणि बुडबुडा मधोमध आला की मगच बसायचं. तोवर आमच्यातलं कुणी कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन आलंच, तर त्याला कप हातात धरून उभं राहावं लागे.

ते शिपयार्डात फिटर होते, पुढे फोरमन झाले आणि निवृत्तीनंतर पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये बायकोबरोबर राहत होते. एवढं चरित्र पुरे. बाकी सगळा माणूस त्या पाणसळीत होता. एकदा क्वीन्सटाउनला आमच्या घरी जेवायला आले आणि हात धुवून येता येता त्यांनी ती देवाच्या फळीवर टेकवली. "देव जरा डावीकडे कललेत," एवढंच म्हणाले आणि पानावर बसले. माझी बायको त्यानंतर दोन दिवस स्वस्थ बसली नाही. तिसऱ्या दिवशी फळी मलाच सरळ करावी लागली, आणि ती आता उजवीकडे कलली आहे हे त्यांना कळू नये म्हणून आम्ही पुढे त्यांना हॉलमध्येच बसवत राहिलो.

आमची ओळख मराठी वर्गामुळे झाली. आमचा वर्ग रविवारी सकाळी भरायचा, आणि भरायचा तो एका जुन्या केबिनमध्ये. पासिर रिसच्या टोकाला झाडांच्या नर्सऱ्या आहेत. त्यांतल्या एका नर्सरीच्या मालकीणबाई, आंटी लिम, काकांच्या ओळखीच्या. तिथे मागच्या बाजूला कुण्या कंत्राटदाराने सोडून दिलेलं चाकांवरचं घर होतं. पूर्वी साइटवरचे लोक त्यात राहत असावेत, कारण एका कोपऱ्यात ओटा होता आणि भिंतीवर पलंगाच्या कड्या. टायरमधली हवा केव्हाच गेली होती. काकांनी एकदा नर्सरीच्या हिरव्या जाळीचा सांगाडा नीट करून दिला आणि बदल्यात आंटींकडून रविवारपुरती ती केबिन मागून घेतली. मागितली स्वतःसाठी नव्हे, नलिनीबाईंसाठी.

नलिनीबाई म्हणजे काकांची बायको. रत्नागिरीकडे शाळेत शिक्षिका होत्या, आणि वर्ग त्याच चालवायच्या. मी माझ्या मुलीला, ईराला, घेऊन जायला लागलो तेव्हा ती सहा वर्षांची होती. क्वीन्सटाउनहून पासिर रिस म्हणजे मेट्रोच्या हिरव्या लाइनवर अगदी शेवटपर्यंत बसायचं. ईरा सगळा रस्ता कुरकुरायची. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि समोरच्या बाकावरचे लोक कौतुकाने बघायचे. मला त्यात कौतुक वाटावं असं काही दिसत नव्हतं. सांगलीला माझी आई फोन धरून बसायची आणि नातीशी तिचं बोलणं "हाय आजी" आणि "बाय आजी" यांच्या पुढे सरकत नव्हतं.

आम्ही जायला लागलो त्याच वर्षी बाईंचं विसरणं सुरू झालं, किंवा आम्हाला दिसायला लागलं. पहिल्या रविवारी त्यांनी फळ्यावर घर काढलं, दार, खिडकी, कौलं, आणि प्रत्येक मुलाला विचारलं, "तुझ्या घरात कोण कोण आहे?" दुसऱ्या रविवारी तेच घर, तोच प्रश्न. तिसऱ्याही. दहा-अकरा वर्षांची मुलं कंटाळली, आपसांत हसायला लागली. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अतिशय सभ्य मजकूर येऊ लागला. बाईंना दगदग होते. बाईंना आता विश्रांती द्यायला हवी. त्यांचा आपण छानसा सत्कार करू. आम्ही बँकांतली, हिशेबातली माणसं. कुणाला काढायचं झालं की सत्कार करतो.

काकांना हे हॉकर सेंटरच्या त्याच सरळ केलेल्या टेबलावर सांगण्यात आलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कोपी संपवली आणि म्हणाले की मोठ्या मुलांना तुमच्यातल्या कुणीतरी शिकवा, लहानांना ती शिकवेल. एकच केबिन आहे, दोन वर्ग कुठे भरवणार, असं कुणीतरी विचारलं. "केबिनला खोली जोडू," ते म्हणाले. "मी करतो."

परतीच्या वाटेवर स्टेशनपर्यंत ते माझ्याबरोबर चालत आले. मी ऑडिटमध्ये आहे म्हणून मला ऑडिटरसाहेब म्हणायचे. "ऑडिटरसाहेब," ते म्हणाले, "रविवारी सकाळी ती आपली आपण साडी नेसते. पिना स्वतः लावते. बाकीचे सहा दिवस मला लावाव्या लागतात." आणि पुढे म्हणाले, "रविवार गेला तर तीही जाईल."

मी गाडीत बसलो तरी तेच डोक्यात होतं. सत्काराच्या मजकुरावर मीही पसंतीचा अंगठा टाकलेला होता.

परवानगीचं काम आंटी लिमनी केलं. जागा भाड्याची, त्यामुळे अट एकच होती, पण कडक. केबिन कोणत्याही दिवशी ओढून नेता आली पाहिजे. तिला काही चिकटवून तिचं पक्कं घर करायचं नाही. ही अट सगळ्यांनी वाचली, समजली आणि सोडून दिली, कारण आमचा वाद वेगळ्याच गोष्टीवर सुरू झाला होता. नव्या खोलीचं दार कोणत्या दिशेला असावं? विद्येचं काम, म्हणजे पूर्व हवी असं एकाचं म्हणणं. दुसऱ्याने पुण्यात वास्तूवाल्याला फोन लावला, त्याने ईशान्य सांगितली. तीन रविवार यात गेले. चौथ्या रविवारी काका म्हणाले की केबिनला चाकं आहेत, टायरमध्ये हवा भरून तुम्ही म्हणाल त्या दिशेला वळवून देतो, फक्त आजच काय ते ठरवा, कारण दर रविवारी वळवणार नाही. त्यानंतर दिशेचा विषय कुणी काढला नाही.

काम शनिवारी चालायचं. मदतीला मी, म्हणजे शिडी धरायला आणि स्क्रू शोधायला. पहिल्या दिवशी मला वाटलं, केबिनच्या भिंतीला दोन आडव्या पट्ट्या ठोकायच्या, त्यांवर छप्पर टेकवायचं, तीन बाजूंना भिंती, झालं. एक भिंत तर आयतीच मिळत होती. काकांनी ऐकून घेतलं आणि केबिनच्या खाली वाकून मला तिचं पोट दाखवलं. गंजलेले दोन गर्डर, त्यांवर पातळ प्लायवूड. ते म्हणाले की ही बिचारी स्वतःचं वजन पेलायला केलेली आहे, हिच्या खांद्यावर आणखी एक छप्पर टाकलंत तर दोघी खाली बसतील. शिवाय पाऊस लागला की हिची चाकं मातीत बसतात, ऊन पडलं की माती परत घट्ट होते. ही थोडी हलणारच. नव्या खोलीने हिच्यावर टेकायचं नाही. शेजारी आपल्या पायांवर उभं राहायचं.

मग त्यांनी तसंच केलं. नव्या खोलीला तिचा स्वतःचा पाया, काँक्रीटचे सहा ठोकळे, स्वतःचे खांब, चौथी भिंतसुद्धा स्वतःची. फक्त दार केबिनच्या दारासमोर ठेवलं आणि जमीन दोन्हीकडे एका पातळीत आणली, म्हणजे बाईंचा पाय अडखळायला नको. यात त्यांनी दोन शनिवार घालवले. बुडबुडा मधोमध आला तरी त्यांचं समाधान होईना. ते बाईंची चप्पल घेऊन आले होते. ती त्यांच्या पायात चढेना, पण त्यांनी तशीच अंगठ्यात अडकवली आणि त्या उंबऱ्यावरून दहा वेळा ये-जा करून पाहिली.

आणि दोन्हींच्या मध्ये त्यांनी फट ठेवली. दोन बोटांची, खालून वरपर्यंत. तिच्यावर रबराची पट्टी, तीही एकाच बाजूला अडकवलेली, दुसऱ्या बाजूला नुसती टेकलेली. पट्टीच्या मोकळ्या कडेने पाहिलं तर त्या फटीतून मागची केळीची रोपं दिसायची. काम पूर्ण झालं तेव्हा काकांनी खोलीच्या मधोमध पाणसळ ठेवली आणि म्हणाले, "बसलं." कोणतंही काम झालं असं ते म्हणत नसत, बसलं म्हणत.

लहानांचा वर्ग नव्या खोलीत गेला आणि तिथे जे घडलं त्याची आमच्यापैकी कुणी कल्पना केली नव्हती. बाई दर रविवारी तेच घर काढायच्या आणि तोच प्रश्न विचारायच्या, पण त्यांना उत्तर खरंच ठाऊक नसायचं. त्या उत्सुकतेने ऐकायच्या. पाच-सहा वर्षांच्या पोरांना आपलं बोलणं असं ऐकून घेणारं मोठं माणूस एरवी कुठे भेटतं? पहिल्या रविवारी ईराचं उत्तर होतं, "आई, बाबा, अँड मी." दोन महिन्यांनी ती आमच्या घरातली माणसं, सांगलीची आजी, आजीचं मांजर, मांजराला दूध आवडत नाही ही भानगड, सगळं सांगायला लागली होती. मी तिला विचारलं की तेच तेच सांगायचा कंटाळा नाही का येत. ती इथल्या इंग्रजीत म्हणाली, "बाई always forget, so I must tell properly lah."

वर्गात काका मागच्या बाकावर बसायचे. घरी ते नलिनीबाईंना नलू म्हणत, पण खोलीत पाऊल टाकलं की बाई म्हणायचे. बाईंना एव्हाना ते कोण हे दर वेळी आठवत नसे. खोली बांधताना पाहिलेलं कुठेतरी राहिलं असावं, त्या त्यांना मिस्त्री म्हणू लागल्या होत्या. "मिस्त्री, खिडकी जरा उघडा." "होय, बाई." इतक्या साधेपणाने म्हणायचे की नव्या पालकांना ते खरंच मिस्त्री वाटत.

आता माझी करामत. मला फट बघवत नाही. फायलीतली बघवत नाही आणि भिंतीतलीही नाही. दर रविवारी ती केळीची रोपं मला दिसायची आणि वाटायचं, काकांनी एवढं सुंदर काम केलं आणि एवढंच अपुरं ठेवलं, वयामुळे थकले असतील. एका शनिवारी ते बाईंना दवाखान्यात घेऊन गेले होते. मी दुकानातून फोमची बाटली आणली, ॲल्युमिनियमची पट्टी आणली, रबर काढलं, फट वरपासून खालपर्यंत भरली, पट्टीला दोन्हीकडे स्क्रू मारले, एका बाजूने केबिनमध्ये आणि दुसऱ्या बाजूने नव्या खोलीच्या चौकटीत. वर भिंतीच्याच रंगाचा हात दिला. काकांना आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून कुणाला बोललो नाही. रविवारी त्यांचं लक्ष गेलं नाही, कारण बाईंची तब्येत ठीक नव्हती आणि ते त्यांचा हात सोडत नव्हते.

मग आठवडाभर पाऊस लागला. पुढच्या रविवारी लहानांचा वर्ग सुरू होऊन अर्धा तास झाला असेल. एक आई मुलाची पाण्याची बाटली द्यायला गेली आणि तिला दार उघडेना. तिने हाका मारल्या, आम्ही सगळे जमलो, ढकललं, दार जागचं हलेना. आत आठ मुलं आणि बाई. काका त्या वेळी आंटी लिमकडे पुढे गेले होते. कुणीतरी म्हणालं, बाईंनी आतून कडी लावून घेतली. ते वाक्य एकाच्या तोंडातून निघालं आणि क्षणात सगळ्यांचं झालं. "बाई, कडी काढा," एक बाबा ओरडले. आतून बाईंचा आवाज आला, अगदी शाळेतला. "वर्ग चालू आहे."

काका आले. त्यांनी दार ढकललं नाही. पिशवीतून पाणसळ काढून चौकटीला लावली, बुडबुडा पार टोकाला गेला होता. मग त्यांनी पट्टी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. पावसाने केबिनची चाकं मातीत बसली होती आणि खाली जाताना तिने माझ्या पट्टीला धरून नव्या खोलीची चौकट तिरपी ओढली होती. त्यांनी माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. मी एकेक स्क्रू काढत गेलो. मोटारीचा जॅक लावून त्यांनी केबिनचा कोपरा बोटभर उचलला आणि दार आपोआप उघडलं. आत ईरा उभी राहून मांजराबद्दल सांगत होती आणि बाई ऐकत होत्या. काही झालंय हे दोघींच्या गावीही नव्हतं.

बाहेर मात्र निर्णय झाल्यातच जमा होता. लहान मुलांची जबाबदारी आहे, बाई उद्या आणखी काही करतील, असं बोलणं चाललं होतं. काका ते ऐकत फोम खरवडत होते. कडी कुणी लावली नव्हती हे त्यांनी पाहिलं होतं. पट्टी कुणाची हेही त्यांना कळलं होतं. मी वाट बघितली की ते सांगतील. मग लक्षात आलं की ते माझी वाट बघत आहेत.

मी सांगितलं. बाईंनी कडी लावली नव्हती, दार माझ्यामुळे अडकलं, आणि केबिनला काही चिकटवायचं नाही ही अट वाचूनही मी ते केलं. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसाला स्वतःची चूक दहा जणांपुढे म्हणायला किती वेळ लागतो हे मला त्या दिवशी कळलं. लहानांचा वर्ग वाचला. पालकांपैकी एकाने मला विचारलं की रंग कुठला वापरला, फारच जुळला होता.

सगळे गेल्यावर काकांनी मला उरलेला फोम काढायला सुरी दिली आणि शेजारी बसले. "बघवली नाही ना फट?" ते म्हणाले. मी मान हलवली. "मलाही बघवायची नाही. पहिलं वर्षभर मी हेच केलं. ती म्हणाली सोमवार, की मी म्हणायचो, अगो, मंगळवार. ती म्हणाली बाबांना पत्र टाकायचंय, की मी म्हणायचो, बाबा जाऊन तीस वर्षं झाली. सगळं बुजवत सुटलो. तर तिने बोलणंच बंद केलं. या दारासारखं." त्यांनी पाणसळ रुमालाने पुसली. "आता दोन बोटं सोडून उभा राहतो. तेवढं जमलं की चालतं."

घरी आईला फोन लावला की आता मी तिच्या चुका दुरुस्त करत नाही, आणि ईराच्याही नाही. ईरा आजीशी अर्धा-अर्धा तास बोलते. तिच्या मराठीत बरंच काही निसटतं, आणि आजीला सगळं समजतं. हे देणं कुणाचं आहे हे मला माहीत आहे. आम्ही बाईंना विश्रांती द्यायला निघालो होतो. त्या तशा गेल्या असत्या तर माझ्या मुलीला बोलतं करणारं कुणी राहिलं नसतं. काकांचे आभार मी दोन-तीनदा मानायचा प्रयत्न केला, दर वेळी त्यांनी मला काहीतरी धरायला दिलं.

नर्सरीच्या जागेची मुदत संपली तेव्हा आंटी लिमनी महिनाभर आधी सांगितलं. वर्ग एका पालकांच्या कॉन्डोतल्या हॉलमध्ये जाणार होता. बाईंना मात्र तिथे नवीन जागा झेपणार नव्हती, आणि काकांनी त्यांना रत्नागिरीला बहिणीकडे न्यायचं ठरवलं होतं. शेवटच्या रविवारी वर्ग नव्हता. मी खोली उकलायला मदत करावी म्हणून एकटाच गेलो.

मी पोचलो तेव्हा ट्रकने केबिन नुकतीच ओढून नेली होती. चार चाकांचे खळगे मातीत राहिले होते. खोली तशीच उभी होती, तिला ओरखडाही नव्हता. भिंतींच्या फळ्यांवर काकांनी खडूने आकडे घातले होते. आंटी लिम त्या नव्या नर्सरीत नेऊन रोपांसाठी पुन्हा उभ्या करणार होत्या.

दार उघडंच होतं. बाई साडी नेसून खुर्चीवर बसल्या होत्या, पदराला पिन नीट लावलेली. मांडीवर हजेरीची वही होती, कोरी. त्या न बघताच नावं घेत होत्या. सुधा आंबेकर. विलास बेंद्रे. मंदा चव्हाण. आमच्या वर्गात या नावांचं कुणी नव्हतं. रत्नागिरीकडच्या कुठल्यातरी वर्षातल्या कुठल्यातरी वर्गातली मुलं असणार.

काका मागच्या छोट्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. प्रत्येक नावाला ते "हजर, बाई" म्हणत होते. घाईने नाही, कंटाळून नाही. सुधासाठी एकदा, विलाससाठी एकदा, मंदासाठी एकदा. पाणसळ त्यांच्या शेजारी बाकावर होती आणि त्यांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं.

मी उंबऱ्यावर थांबलो. बाईंनी मान वर केली आणि माझ्याकडे बघून पुढचं नाव घेतलं, "दिगंबर गोरे." काका मागे वळून माझ्याकडे पाहत थांबले.

"हजर, बाई," मी म्हणालो आणि आत जाऊन काकांच्या शेजारी बसलो.